तोंडात राहिलेली फ्लॉपी

मित्रांनो, मी मोताळ्याच्या एका घरातला जुना संगणक आहे. हल्ली माळ्यावर असतो. अंगावर मेणकापड, शेजारी तुटका कूलर. माझ्या तोंडापाशी कुंकवाचा एक डाग आहे. तो कसा लागला, ते सांगतो.

तुमच्या जन्माआधीची गोष्ट. तेव्हा गावात संगणक म्हणजे अपूर्वाईच. उद्धवरावांनी घराच्या पुढच्या खोलीत संगणकाचा वर्ग काढला आणि बुलढाण्याहून जीपमध्ये मला मांडीवर धरून आणले. माझी बडदास्त काय सांगू! खोलीत यायचे तर चपला बाहेर. संगणकाला व्हायरस होतो, असे कोणीतरी उद्धवरावांच्या कानावर घातले होते, म्हणून त्यांनी दारात चांगले जाडजूड पायपुसणे टाकले. मी मनात हसत असे. व्हायरस काही चपलेतून येत नाही, तो फ्लॉपीतून येतो. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चौकोनी चकती. लिहिलेले तिच्यात साठवायचे आणि माझ्या पुढच्या फटीत सरकवून पुन्हा वाचायचे. ती फट म्हणजेच माझे तोंड.

शिकवायला पद्मजा होती. धाडहून निघून, बुलढाण्याला एसटी बदलून रोज यायची. तिच्या या नोकरीवर धाकट्या बहिणींच्या शाळा चालल्या होत्या. आणि सकाळी मला मऊ फडक्याने पुसायच्या त्या उद्धवरावांच्या आई, सोजराबाई.

दसऱ्याला घरातल्या विळ्या-पावशीबरोबर माझीही पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूची माळ, आपट्याची पाने. उठता उठता सोजराबाईंना माझे तोंड रिकामे दिसले. जात्याचे तोंड रिकामे ठेवू नये, चार दाणे राहू द्यावेत, हे त्यांनी जन्मभर पाळलेले. आता मला दाणे कसे चालणार? त्यांनी टेबलावरची हाताला लागेल ती फ्लॉपी उचलली, तिला कुंकू लावले आणि माझ्या तोंडात सरकवली. कुंकवाचे बोट मलाही लागले. मग हात जोडून त्या गेल्या.

त्या फ्लॉपीत मोटारींचा खेळ होता. उद्धवरावांनीच तो जळगाव जामोदच्या मित्राकडून आणला होता, आणि खेळाच्या पाठोपाठ व्हायरसही आला होता. माझी खोड अशी की जागे होताना आधी तोंडातले वाचायचे, मग पोटातले. दुसऱ्या दिवशी पद्मजाने बटण दाबले आणि मी तो घास मुकाट गिळला. मी पुढे सरकेना, तेव्हा तिने फ्लॉपी बाहेर काढली, क्षणभर निरखली आणि डब्यात ठेवली. पुन्हा बटण दाबले. या वेळी माझा पडदा काळाच राहिला.

उद्धवरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाहेरच्या फ्लॉप्या आणू नका म्हनलं होतं ना? उद्या वर्गाच्या किल्ल्या आणून द्या. मंग या खोलीत पाय ठेवू नका."

"म्या बाहेरची आणली नाही, सर. आत एक राह्यली होती."

"कोनी ठेवली?"

पद्मजाने फ्लॉप्यांचा डबा मिटून बाजूला सारला.

सोजराबाई चहा घेऊन दारात आल्या होत्या. 'आत राह्यली होती' हे शब्द त्यांच्या कानावर पडले. त्यांना सगळे उमगले. पण लेकाचा राग त्यांना ठाऊक होता, आणि पूजेत आपल्या हातून असे घडले हे बोलायला जीभ रेटेना. चहा ठेवून त्या आत गेल्या. दुपारी मला पुसायला आल्या आणि पदर डोळ्यांना लावून बसल्या. मला सगळे माहीत होते. पण मी चालू असताना मुका, बंद पडल्यावर काय बोलणार!

दुसऱ्या दिवशी बुलढाण्याहून उद्धवरावांचा मित्र भालचंद्र मला दुरुस्त करायला आला. पद्मजाही किल्ल्या द्यायला आली होती.

"सारं पुसून टाक बे," उद्धवराव म्हणाले.

"पुसाची गरज नाही," म्हणत भालचंद्राने खिशातून स्वतःची फ्लॉपी काढली. तिच्या कोपऱ्यातली इवलीशी खिडकी उघडी होती. आमच्यात उलटा न्याय असतो. खिडकी उघडी असली की फ्लॉपीत कोणालाच शिरता येत नाही, म्हणून ती निरोगी राहते. तिच्या आधाराने त्याने मला जागे केले, माझे पोट तपासले, दडून बसलेला व्हायरस शोधून काढला आणि पुसून टाकला. माझा पडदा उजळला. मुलांचे धडे जागच्या जागी होते. मग आजार आला कुठून हे पाहायला त्याने फ्लॉप्यांचा डबा पुढे ओढला.

पद्मजाने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि पिशवी खांद्याला लावली.

"थांब वं पोरी," सोजराबाई दारातून म्हणाल्या. "ते चकती म्या ठेवली याच्या तोंडात. दसऱ्याले."

भालचंद्राने डब्यातून कुंकू लागलेली फ्लॉपी काढली आणि तपासली. व्हायरस तिच्यातच होता. तिच्यावर उद्धवरावांच्या अक्षरात लिहिले होते, 'मोटारींचा खेळ'. उद्धवराव दारातल्या पायपुसण्याकडे पाहत राहिले.

"मले मालूम होतं काकू," पद्मजा म्हणाली. "कुंकू पाह्यलं होतं म्या."

"मंग सांगतलं काऊन नाही?" सोजराबाईंनी विचारले.

"तुम्ही पूजा केली होती. तिले चूक कशी म्हनू?"

सोजराबाई खाली बसल्या. "तू माह्यासाठी गप्प राह्यली," त्या म्हणाल्या, "अन् मी बी माह्यासाठीच गप्प राह्यली."

उद्धवरावांनी किल्ल्या उचलून पद्मजाच्या हातात दिल्या. "चुकलं माहं, मॅडम," एवढेच त्यांना बोलता आले.

मी एका सकाळीत बरा झालो. सोजराबाईंना फार वर्षे लागली. त्या मला रोज पुसत, पण कुंकवाचा डाग सोडून. एकदा मुलांनी विचारले, तर म्हणाल्या, "राहू द्या. मले तो दिसला पाह्यजे."

मित्रांनो, यंत्र सुरू करण्याआधी त्याच्या तोंडात काय आहे ते पाहत जा. आणि तुमच्या गप्प बसण्याने दुसऱ्या कोणाला पिशवी उचलून निघावे लागत असेल, तर तो माणूस दाराबाहेर पडण्याआधी बोला. मला तेही जमले नाही. दिवाळीला माळा आवराल तेव्हा माझी धूळ जरूर झटका. तो डाग तेवढा राहू द्या.