डावी बाही

घरात तिला सगळे धांदल म्हणायचे, आणि काही उगाच म्हणायचे नाहीत. कॉलेजच्या अभ्यासदौऱ्याला परदेशी निघाल्या बाईसाहेब, आणि पासपोर्ट राहिला फ्रीजवर! दौऱ्याचा विषय काय, तर शाश्वत जीवनशैली. म्हणजे आहे ते पुरवून वापरायला शिकायचं. निघताना आत्याने तो हातात दिला आणि स्वतः विणलेला स्वेटर बॅगेत कोंबला. सगळा हिरवागार, फक्त डावी बाही तपकिरी, आणि तीही एवढी लांब की हात आत गडप व्हायचा.

मैत्रिणींनी विमानातच त्या बाहीला 'सोंड' नाव ठेवलं. धांदलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिकडे पोहोचल्यावर सर त्यांना एका मोठ्या हॉलमध्ये घेऊन गेले. लोक नको झालेले कपडे तिथे आणून ठेवायचे. एका फळीवरचे कपडे कुणीही न्यावेत आणि घालावेत, दुसरीवरचे उसवून त्यांची लोकर, कापड परत वापरायचं. सरांनी हे दोनदा सांगितलं, धांदलने दोनदा मान डोलावली. मग सगळ्यांची पाठ वळताच स्वेटर फळीवर टाकून मोकळी झाली. कोणत्या फळीवर, हे बघायला वेळ कुणाला होता?

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. "स्वेटर घालतेस ना गं? ती डावी बाही तुझ्या बाबांच्या स्वेटरची आहे, जशीच्या तशी लावलीय. आधी सांगितलं असतं तर रडत बसली असतीस, म्हणून बोलले नाही."

बाबा जाऊन तिसरं वर्ष चाललं होतं. हातातला फोन कसाबसा खिशात टाकून धांदल हॉलकडे पळत सुटली.

स्वेटर होता, पण तिथल्या विणकामवाल्या बाईंच्या टेबलावर. डाव्या बाहीच्या जागी नुसतं भोक आणि शेजारी तपकिरी लोकरीचा गुंडा! धांदल तिथेच हमसाहमशी रडली. बाईंना तिची भाषा कळेना, पण रडणं कळलं. त्यांनी तिचा हात सरळ धरून माप घेतलं आणि तिच्या हातात सुया दिल्या.

मग काय, मैत्रिणी फिरायला गेल्या की ही टाके घालत बसायची. चुकलं की बाई बोटांवर टिचकी मारायच्या आणि उसवायला लावायच्या. हिची घाई त्या सुयांपुढे काही चालेना. परतायच्या आदल्या दिवशी बाही एकदाची लागली. वेडीवाकडी, पण लागली.

तिने स्वेटर घालून आत्याला व्हिडिओ कॉल केला. आत्याचं लक्ष थेट बाहीकडे.

"आखूड कशी झाली गं?"

धांदलच्या मनात आलं, धुण्यात आटली म्हणून सांगावं. पण जीभ वळेना. "आत्या, मी टाकून दिला होता गं स्वेटर. इथल्या बाईंनी बाही उसवली. ही मी विणलीय."

आत्या पदराने नाक पुसत म्हणाली, "दादाचा हात लांब होता. तुझ्या मापाची करायला मी कितीदा कात्री घेतली, पण हात धजावला नाही बघ. हात वर कर पाहू."

धांदलने हात वर केला. बाही बरोबर मनगटावर बसली होती.

"बरी झालीय," आत्या म्हणाली. "आणि उरलेली लोकर तिथे विसरून येऊ नकोस, धांदरट!"