शिकवणाऱ्याच्या जागेवर

अप्पांनी अर्ध्या शहराला मोटार चालवायला शिकवलं. राहिली ती फक्त त्यांची बायको. नव्या नवलाईत एकदा तिला गाडीत बसवलं होतं, पण पहिल्याच वळणावर दोघांचं असं वाजलं, की आई उतरून तरातरा पायी घरी आली. "संसार चालवायचा की गाडी, एक काय ते ठरव," अप्पा म्हणाले. संसार ठरला, आणि झकास चालला.

अप्पा गेले. दारात त्यांची शिकाऊ गाडी तेवढी उभी राहिली, दोन्हीकडे ब्रेक असलेली. "विकून टाकू," मुलगा म्हणाला.

आईने चहाचा कप खाली ठेवला. "मी शिकते."

मुलाला ठसका लागला. लेक मात्र किल्ली घेऊन उठली. आईला स्टीअरिंगशी बसवून शेजारी अप्पांच्या जागेवर बसताना तिला भरून आलं. ती गादी त्यांच्या वजनाने इतकी खोल बसली होती, की मांडीवर बसल्यासारखंच वाटलं.

"क्लच कसा सोडायचा, सांगू?" तिने विचारलं.

"झोपलेलं मूल मांडीवरून उतरवतात तसा," आई म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"रोज जेवताना दुसरं काय ऐकलंय मी? आमटीच्या पळीने गिअर टाकून दाखवायचे. झोपेतसुद्धा ब्रेक दाबायचे, विचार माझ्या नडग्यांना!"

दोघी खो खो हसल्या. गाडी गचके खात चौकापर्यंत गेली आणि ऐन मध्यात बंद पडली. आईने सुरू केली, पुन्हा बंद. पुन्हा सुरू, पुन्हा ठप्प. मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ उठला. बसमधून एक आडदांड ड्रायव्हर उतरून त्यांच्याकडेच येऊ लागला. आता हा खरडपट्टी काढणार म्हणून लेकीने अंग चोरलं.

तो काचेशी वाकला. "मास्तरांची गाडी ना ही?"

"मी त्यांची बायको," आई म्हणाली.

"काकू, माझीही इथेच बंद पडायची. मास्तर खिशातून शेंगदाणे काढायचे. म्हणायचे, खाऊन घे. मागचे ओरडून दमले की निघू." एवढं बोलून तो चौकात हात पसरून उभा राहिला. कुणाची पुढे सरकायची टाप नव्हती.

आईचे डोळे पाणावले होते, तरी हसू आवरत नव्हतं. तिने किल्ली फिरवली आणि लेकीच्या पायांकडे पाहिलं. "अगं भवाने! तुझा पाय काढ की ब्रेकवरून!"

लेकीने पाहिलं तर खरंच. भीतीपोटी तिने आपल्या बाजूचा ब्रेक घट्ट दाबून धरला होता. अप्पा कसे टाळ्या वाजवत, गाणी गुणगुणत बसायचे इथे? ओशाळून तिने पाय मागे घेतला. गाडी सुटली, ड्रायव्हरने कडक सलाम ठोकला.

"आता घरी वळायचं?" लेकीने विचारलं.

"छे! सरळ मावशीकडे."

फाटकाशी भोंगा ऐकून मावशी बाहेर आली. "कोणी आणलं गं तुला?"

"मीच मला आणलं."

मावशीने गाडीभोवती एक चक्कर मारली, बहिणीच्या हातातलं स्टीअरिंग नीट निरखलं. मग म्हणाली, "थांबा. चप्पल घालून आलेच. पण पळवायची बरं का, रांगायचं नाही!"