खुर्चीपुरता वाकणारा पाय

मी पाय बोलतोय. उजवा. शेजारचा डावा जन्मापासूनचा आहे, त्यामुळे त्याला शिष्टपणा फार. तो काही तोंड उघडायचा नाही. मी पडलो कारखान्यातला, प्लास्टिकचा आणि लोखंडी नळीचा. माझं तोंड जरा जास्तच चालतं.

मला घडवलं एका इंजिनियरताईने. गरिबाला परवडेल असा पाय करायचा, हा तिचा ध्यास. परदेशातून येणाऱ्या भारी गुडघ्याच्या किमतीत इथे एखाद्याचं घर उभं राहतं. म्हणून ताईने काटकसर करत करत मला बनवलं आणि एका यंत्राला बांधून चालव चालव चालवलं. मी मोडलो नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या खोलीत सगळे खुर्चीवर बसत, त्यामुळे माझा गुडघाही खुर्चीपुरताच वाकायचा. त्यात काही चुकलंय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्या तर नाहीच.

मग मी मावशीकडे आलो. मावशी बाजारात जमिनीवर बसून भाजी विकते. अपघातात तिचा पाय मांडीपासून गेला, तेव्हापासून मुलगा तिला हातगाडीवर भाज्यांच्या मधोमध बसवून आणायचा. "एक दिवस लोक माझाही भाव विचारतील," असं ती हसून म्हणायची, पण ते तिच्या मनाला लागायचं. मला लावून ती स्वतःच्या पायांनी बाजारात शिरली, तेव्हा मी असा काही फुगलो म्हणून सांगू!

आणि मग मावशी खाली बसली.

डावा शहाण्यासारखा दुमडला. मी कुठला दुमडतोय! अर्धवट वाकून राहावं तर गुडघा तराजूच्या आड येई. शेवटी तिने मला सरळ पुढे सोडलं, टोपल्यांच्या पलीकडे, थेट वाटेत.

खरं सांगू? सुरुवातीला मला भलतीच मजा आली. येणारा-जाणारा माझ्यावर अडखळायचा, ओशाळायचा आणि ओशाळून पाव किलो वांगी घेऊन जायचा. शेजारचा कांदेवाला म्हणायचा, "मावशी, गळ बरा टाकलायस!" मीही टपूनच असायचो. एकदा तर बाजाराचा मुकादमच धडपडला आणि कोथिंबिरीत तोंडावर पडला.

त्याने मिशीतली कोथिंबीर झटकली. "पुढच्या बाजाराला हा पाय वाटेत दिसला, तर तुझी जागा दुसऱ्याला देईन."

माझी मस्ती खाडकन उतरली. जागा राखायची तर मला घरी ठेवायचं, म्हणजे पुन्हा हातगाडी. घरी आल्यावर मावशीने मला काढून भिंतीला टेकवलं. "चालवलंस रे, पण मला बसू देईनास, मेल्या," एवढंच म्हणाली. मला रडता येत नाही, नाहीतर तेव्हा रडलो असतो.

सूनबाईने ताईला फोन लावला. "ताई, तुमच्या पायाने सासूबाईंना खाली बसता येत नाही."

"खाली कशाला? खुर्ची द्या ना त्यांना."

"भाजी जमिनीवर आणि त्या खुर्चीवर? तुम्हीच येऊन विकून दाखवा."

पुढच्या बाजाराआधीच ताई घरी आली. मावशी मला लावून अंगणात वांगी निवडत बसली होती, आणि मी नेहमीसारखा वाटेत. मोबाइलमध्ये बघत चालली होती, ती नेमकी माझ्यावरच आदळली. मला हलता आलं असतं तरी मी हललो नसतो. ती उठलीच नाही. तिथेच मावशीशेजारी मांडी घालून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"मावशी, मी तुम्हाला चालताना किती वेळा पाहिलं. बसताना एकदाही नाही."

"मग आता बघ. आणि ती वांगी घे, तुडवलीस ती."

पुढचे दिवस माझी नुसती चिरफाड. भारी गुडघा परवडणार नव्हता, म्हणून ताई सायकलच्या दुकानात मिळणारे सुटे भाग घेऊन बसली. म्हणजे बिघडलो तर गावातच दुरुस्त होईन. पहिला नवा गुडघा इतका नम्र निघाला, की भर रस्त्यात चालता चालताच बसला. मावशी कांद्यांच्या ढिगात! "अगं, मला बसायचंय, पण माझ्या इच्छेने," ती ओरडली. दुसऱ्या गुडघ्याला ताईने खटका लावला. उभं असताना घट्ट, आणि मावशीने खटका ओढला की पूर्ण दुमडणारा. या वेळी परीक्षा यंत्रावर झाली नाही, मावशीच्या जागेवरच झाली.

आता मी डाव्याच्या बाजूला निमूट दुमडून बसतो. माझ्यावर कुणी अडखळत नाही. वांगी जरा कमी खपतात आणि खोटं कशाला बोलू, मला त्या धडपडणाऱ्या लोकांची आठवण येते. पण जागा मावशीचीच राहिली. तुमच्यापैकी कुणी कधी पाय बनवायला घेतलात, तर एवढं ऐका: आधी त्याच्या मालकाशेजारी जमिनीवर बसा. कंबर दुखेपर्यंत बसा.

काल संध्याकाळी बाजार उठला, तेव्हा मुकादमाला दया आली असावी. मावशीला उठवायला त्याने हात पुढे केला. मावशीने त्या हाताकडे पाहिलं.

"मोकळाच आहे ना? मग ही टोपली धर," ती म्हणाली, आणि माझ्यावर भार देऊन उभी राहिली.