आधी फ्यूज, मग पेचकस

हे सांगितलं तर कोणी खरं मानायचं नाही, शपथ घेतली तरी नाही. पण इस्त्रीच्या दुकानात दिवसभर घड्या घालणाऱ्या एका बाईच्या गिटारने एकदा अख्ख्या सभागृहाला श्वास घ्यायचा विसर पाडला. आणि तेही कशातून, तर चपलांच्या खोक्याएवढ्या सरावाच्या अ‍ॅम्पमधून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून! आजी, आत्तापासून हसू नका. मिस्त्री आत तुमच्या मिक्सरशी झटतायत, अजून अर्धा तास तरी लागेल. तोवर ऐका.

"ऐकतेय की," बाकावरच्या आजी म्हणाल्या. "पण कान उघडे ठेवून ऐकतेय हं."

ठेवा, ठेवा. तर ही बाई म्हणजे आपल्या याच मिस्त्रींची भाची. अकरा वर्षं ती स्वयंपाकघरात एकटीच वाजवत आली. चार माणसांत बसून वाजवायचा योग पहिल्यांदाच जुळत होता. गायकवृंदात साथीला वाजवणाऱ्याची एक खुर्ची रिकामी झाली होती आणि शनिवारी तिला बोलावलं होतं. पण वृंद चालवणाऱ्या बाई मुलखाच्या कडक. त्यांनी आधीच बजावलं होतं, "आवाज स्वच्छ हवा. एकदा जरी घरघर ऐकू आली, तरी खुर्ची त्या दुसऱ्या उमेदवाराला, पियानोवाल्याला."

आणि भाचीचा अ‍ॅम्प तर घरघरीशिवाय दुसरं काही जाणतच नव्हता. शुक्रवारी काम सुटल्यावर तिने तो उचलला आणि तडक मामांसमोर आणून ठेवला.

"वाजव," मामा म्हणाले.

तिने वाजवलं. पत्र्यावरून खडे ओढावेत तसा आवाज आला. मामांनी हात वर करून थांबवलं आणि वायर काढली. मामांचा एक नेम आहे, तो कधी चुकत नाही: आधी फ्यूज, मग पेचकस. फ्यूज काढून शर्टाच्या वरच्या खिशात टाकायचा, म्हणजे हात आत असताना कोणी बटण दाबलं तरी जिवाला घोर नाही. तसं करून त्यांनी मागची फळी उघडली, आत डोकावून एकेक जोड बोटाने हलवून पाहिला आणि फळी परत लावून वायर जोडली.

भाची घाईने पुढे सरकली. "गेला का हो मामा? नवाच घ्यावा लागेल?"

"याला काय धाड भरलीय? बिघडलीयेस तू."

"मी?"

"हे गेनचं बटण पार टोकाला कोणी नेलं?"

"मीच. खालचे काका काठीने छत ठोकतात, म्हणून व्हॉल्यूम एकवर ठेवते. मग कुठेतरी जोर नको का?"

"म्हणजे अकरा वर्षं तू त्याचा गळा आवळतेयस आणि वर सांगतेयस, बाबा रे, हळू बोल!" मामांनी कपाळाला हात लावला. "अगं, आत येणाऱ्या सुराला किती रेटायचं ते गेन ठरवतो. फार रेटलं की सूर चिरडला जातो. बाहेर किती ऐकू यावं, ते बघायला व्हॉल्यूम आहे."

त्यांनी गेन पावाच्याही खाली आणला, व्हॉल्यूम निम्म्याच्या पुढे नेला. खर्जाचं बटण टोकाला होतं, ते मध्यावर आलं. गिटारचा स्वतःचा आवाजही त्यांनी केसभर मागे घेतला. शेवटी अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवला, भिंतीपासून हातभर पुढे.

"कोपऱ्यात जमिनीवर ठेवलास की नुसता घुमतो. आणि तिथे ऐकतं कोण, तुझे घोटे? कानासमोर ठेव. हं, आता वाजव."

तिने तारांवरून हलकेच पत्ती फिरवली. सहा तारा सहा वेगळ्या ऐकू आल्या, जणू दोरीवर अंतराअंतराने वाळत घातलेले सहा धुतलेले शर्ट. भाची तारांकडे बघतच राहिली. एक सुटा भाग बदलला नाही की सोल्डरचा डाग दिला नाही, नुसती चार बटणं फिरवली. असा कान लाखात एखाद्याला! आणि मामा काय म्हणाले? "हं." बस्स, तेवढंच.

शनिवारी मामा स्वतः स्टूल डोक्यावर घेऊन सभागृहात गेले. भाचीने पहिला सूर लावला मात्र, खिडक्यांच्या काचांवरची धूळ आपोआप गळून पडली. तीन वर्षं बंद असलेलं भिंतीवरचं घड्याळ टिकटिकायला लागलं. बाईंच्या बाहीवरच्या सुरकुत्या तर इस्त्री फिरवल्यासारख्या सपाट झाल्या.

"सुरकुत्यासुद्धा?" आजींनी भुवया उंचावल्या.

कडक इस्त्री, आजी! शेवटचा सूर विरला तेव्हा बाई उठल्या आणि त्यांनी अ‍ॅम्पला कान लावला. घरघर नाही, गुणगुण नाही, काही म्हणजे काही नाही. पियानोवाल्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "सोमवारपासून यायचं."

भाची रडू लागली. मामांचेही डोळे भरून आले. रुमाल काढायला त्यांनी वरच्या खिशात हात घातला, तर रुमालाबरोबर फ्यूज बाहेर आला आणि टिंगकन फरशीवर पडला. आणि काय सांगू, तोसुद्धा सुरात—

"थांबा!" आजी बाकावरून उठल्याच. "फ्यूज शुक्रवारपासून मिस्त्रींच्या खिशात, मग अ‍ॅम्प वाजला कशावर? तुमच्या तोंडच्या वाफेवर?"