गुरुवारचे अकरा किलोमीटर

बॅटरीवाल्याने गोल्फगाडीची सीट उचलून आत पाहिलं आणि तो चुकचुकला. "सहाच्या सहा बॅटऱ्यांनी मान टाकलीय, काका. ह्यांनी तुम्हाला इथवर आणलं कसं?"

"त्यांनी कुठे? शेवटच्या वळणापासून पुतणीने ढकलत आणलं."

पुतणी अजून धापा टाकत होती. तिने बॅगेतून आलेखाचा कागद काढून काउंटरवर पसरला.

काकांनी तीस वर्षं गोल्फच्या मैदानावर गवत कापलं होतं. मैदानाने मोडीत काढलेली ही दोन सीटची गाडी ते निवृत्त होताना घरी घेऊन आले. गुडघ्याने दगा दिल्यापासून मोटारीचा क्लच सुटला, बसची पायरी सुटली. उरली ही गाडी आणि तिला परवानगी असलेला कालव्याकाठचा रस्ता. पुतणी नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाली होती. नव्या बॅटऱ्या अंदाजपंचे घ्यायच्या नाहीत, असं ठरवून तिने पाच आठवडे रोजचं अंतर टिपलं होतं.

"रोज सरासरी सहा किलोमीटर," ती म्हणाली. "जास्तीत जास्त अकरा पॉइंट दोन. लहान लिथियम पॅक पस्तीस जातो. भरपूर झाला."

"बाईंनी गाडीचा रिपोर्टच काढून आणलाय की!" बॅटरीवाला हसला.

पण पुतणीची नजर कागदावरून हलेना. अकरा पॉइंट दोन पाच वेळा आलं होतं आणि पाचही वेळा गुरुवारी. इतका नेमका आकडा तिला प्रयोगशाळेतही कधी मिळाला नव्हता.

"काका, गुरुवारी कुठे जाता?"

"कालव्याच्या फाटकापर्यंत."

"काय आहे तिथे?"

"काही नाही. तिथे काट्यावर निम्मी बॅटरी उतरलेली असते." काका सीटच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "मग वळतो."

"आणि फाटकाच्या पुढे?"

"पुढे ताई."

मोठी आत्या! कालव्याच्या दुसऱ्या टोकाला, वृद्धाश्रमात. इथून बावीस किलोमीटर. पुतणीचे कान गरम झाले. दाव्याला बांधलेल्या बैलाची दोरी मोजून त्याला कुठवर जायचंय ते ठरवावं, तसा हा तिचा आलेख होता.

"पण बाबा नेतात की तुम्हाला."

"नेतो ना. गुणाचा आहे तुझा बाप. पण तासाभराने खिशातल्या किल्ल्या वाजवायला लागतो. ताईला तर काय बोलायचं ते नुसतं आठवायलाच तासभर लागतो. तिची गाडी रुळावर येते तेव्हा आम्ही चपला शोधत असतो." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. मला झोप लागेपर्यंत ताई उशाशी बसायची. आता तिचा डोळा लागेपर्यंत मला बसायचंय, एवढंच."

पुतणीने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला भराभर आकडे मांडले. जाऊन-येऊन चव्वेचाळीस, वर थंडीची तूट, वर समोरचा वारा. "मोठा पॅक द्या. साठ जाणारा. परत येताना चिंताच नको."

बॅटरीवाला मोठा पॅक आणायला आत वळला.

"थांब रे," काका म्हणाले. "लहान पॅक तिथपर्यंत पोचवेल?"

"पोचवेल. पण परत यायचं तर तिथे चार्ज करावा लागेल."

"किती वेळ लागतो?"

"जलद चार्जर देतो, काका. दीड तासात टुम्म. आणि हा साधा, गोगलगाय. ह्याला चांगले पाच तास."

काकांचा चेहरा उजळला. "गोगलगाय दे."

"अहो, लोक जलद मागतात!"

"त्यांना मागू दे."

त्यांनी तिथेच फोन लावला आणि ताईला ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"ताई, तुझ्या खिडकीखाली प्लग आहे का गं?"

"कोण? बाळ्या?" पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "प्लग आहे की. माळी गवताचं यंत्र लावतो त्यात. फोन चार्ज करायला येतोस का एवढ्या लांब?"

"गाडी चार्ज करायला येतो. गुरुवारी."

"येतोस आणि लगेच पळतोस. किती वेळ थांबशील?"

काकांनी पुतणीकडे पाहिलं. तिच्यासमोर हिशोब उघडा होता. लहान पॅक पूर्ण भरायची गरजच नव्हती. परतीला कमी पडणाऱ्या नऊ किलोमीटरपुरतं दोन तासांचं चार्जिंग पुरलं असतं. तिने कागदाची घडी घातली, मग आणखी एक.

"पाच तास, आत्या," ती फोनकडे वाकून मोठ्याने म्हणाली. "त्याआधी गाडी जागची हलणारच नाही."