दूध होतं, पान्हा नव्हता

“पोरी, तू लेकराबाळांच्या भानगडीत पडू नकोस,” असं माझ्या थोरल्या मावशीनं मला बजावलं, तेव्हा मी बाटलीच्या नळीला तोंड लावून पाणी पीत होते. “आपल्या घराण्यात काही पोरींना दूध येतं, पण पान्हा फुटत नाही. तू त्यातलीच आहेस.” मी मिश्या पुसल्या. “तुझं आपलं काहीतरीच, मावशी!” म्हटलं, आणि भुशात एक कोलांटी मारली.

मित्रांनो, त्या गोष्टीला आता बराच काळ लोटला. मी एक जुनी उंदरी आहे. धान्याच्या कोठीतली नव्हे, आणि गणपतीच्या पायाशी लाडू धरून बसणारीही नव्हे. धुळ्याच्या एका कॉलेजात मागच्या अंगाला प्राणीघर आहे, तिथे मी जन्मले आणि तिथेच वाढले. म्हणजे कॉलेजात शिकलेलीच म्हणा ना!

आमची जात मात्र माणसांनी घडवलेली आहे. प्रत्येक जिवाच्या अंगात, अगदी कणाकणात, तो जीव कसा घडवायचा याच्या सूचना असतात. शास्त्रज्ञ त्यांना जनुकं म्हणतात. दूर परदेशात काही शास्त्रज्ञांनी माझ्या पूर्वजांच्या अंगातली एक सूचना, फक्त एकच, जन्माच्याही आधी बंद करून टाकली. का? तर ती नसली की काय अडतं ते कळावं म्हणून. एखाद्या दिवशी आई भाजीत मीठ घालायला विसरली की मीठ रोज काय करत होतं ते तुम्हाला पहिल्याच घासाला कळतं की नाही? तसंच हे.

माझ्या अंगात जी सूचना बंद होती, ती एका निरोप्याची. बाळ दूध ओढू लागलं की हा निरोप्या आईच्या अंगातून धावत सुटतो आणि साठलेल्या दुधाला सांगतो, ‘चल, बाहेर ये.’ शास्त्रज्ञ त्याला ऑक्सिटोसिन म्हणतात. त्याच्या कामाला आपल्याकडे फार जुना शब्द आहे, पान्हा.

आमच्या आजी-आजोबांना कॉलेजातल्या प्राणीशास्त्राच्या सरांनी परदेशातून आणलं. मुंबईहून रेल्वेनं चाळीसगाव, आणि तिथून धुळ्याची छोटी गाडी. चाळीसगावच्या फलाटावर एका बाईनं आमच्या खोक्यात डोकावून सरांना अहिराणीत विचारलं म्हणे, “काय हो भाऊ, आपला धुयाले उंदरं कमी शेतस का, ते इतला लांबथून आणी ऱ्हायनात?” सर ही गोष्ट सांगताना दर वेळी स्वतःच आधी हसायचे.

लहानपण माझं मजेत गेलं. मऊ भुसा, गोळीचं खाणं, उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचे ओले पडदे. आमची देखभाल झुंबरबाई करायच्या. गळ्यात काळी पोत, डोक्यावर पदर, आणि तोंडाचा पट्टा दिवसभर सुरू. पिंजऱ्यांवर आमचे नंबर लिहिलेले असत, पण झुंबरबाईंना नंबर पसंत नव्हते. मी काळपट म्हणून मला त्या जांभळी म्हणायच्या आणि शेजारच्या पिंजऱ्यातल्या पांढऱ्याशुभ्र उंदरीला चांदी. चांदी साध्या जातीची, तिच्या अंगात सगळ्या सूचना जिथल्या तिथे.

आमच्यावर संशोधनाचं काम करायच्या प्रमिलाताई. त्या मला तळहातावर घ्यायच्या, वजन करायच्या, आणि कुणी पाहुणे आले की अभिमानानं दाखवायच्या. एकदा जळगावहून एक प्राध्यापक आले होते. त्यांनी खिशातून केळं काढलं आणि मला एक चकती देऊ केली. “अहो, प्रयोगातली उंदरी आहे ती!” ताई ओरडल्या. तोवर अर्धी चकती माझ्या गालात गेली होती. मित्रांनो, जळगावच्या केळ्याची कीर्ती मी ऐकून होते. ती खरी आहे.

आमच्यातले सगळेच म्हातारे होत नाहीत, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण जोवर असतो तोवर हात मायेचा लागला, तर दिवस बरे जातात. मला तो हात लागला.

मग आली आखाजी. तुमच्याकडे अक्षय तृतीया म्हणत असतील. आमच्या खानदेशात त्या सणाला सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. कॉलेजला सुट्टी होती. झुंबरबाई एकट्याच पाणी घालायला आल्या, आणि माझ्या पिंजऱ्यापाशी थबकल्या.

“सणना दिन शे, अन् पोर एकटी बठेल शे,” त्या म्हणाल्या. “जाय वं माय, बहीनना घर जाई ये.”

आणि त्यांनी मला उचलून माझ्या बहिणीच्या पिंजऱ्यात सोडलं. आता बहिणीच्या घरी तिचा नवरा होता, आणि तिचा दीरही होता. दीर तरुण होता, मिश्या लांब होत्या. पुढचं काय सांगू? मावशीचं बोलणं मला त्या दिवशी आठवलंसुद्धा नाही.

दोन आठवड्यांची सुट्टी संपली. सरांनी माझं पोट पाहिलं आणि चष्मा काढला.

“झुंबरबाई, या पिंजऱ्यातली उंदरी त्या पिंजऱ्यात गेली कशी?”

“गयी नही साहेब, मीच धाडी व्हती. आखाजीले पोर बहीनकडे जास नही का?”

सर स्टुलावर बसले. रागवावं की हसावं ते त्यांना कळेना. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नकळत स्वतःच्या पोटावर हात ठेवला. त्यांनाही दिवस गेलेले होते, आणि आता तर चालताना त्या मागे झुकून चालायच्या.

मी घरटं बांधलं. ताईंनी दिलेला मऊ कागद दातांनी फाडून फाडून त्याची वाटी केली. आणि एका सकाळी माझी पिल्लं जन्मली, गुलाबी, डोळे मिटलेली, तुमच्या करंगळीच्या पेराएवढी. मी एकेकाला चाटलं, पोटाखाली ओढलं. ती लुचू लागली. माझं अंग दुधानं जड झालं होतं. मी वाट पाहत राहिले.

नवजात उंदराची कातडी इतकी पातळ असते की पोटात गेलेलं दूध बाहेरून पांढरा ठिपका होऊन दिसतं. ताईंनी वाकून पाहिलं. एकाच्याही पोटावर ठिपका नव्हता. दुपारी पुन्हा पाहिलं. नव्हता. पिल्लं लुचत होती, सोडत होती, पुन्हा लुचत होती. दूध माझ्यापाशी होतं, लेकरं माझ्यापाशी होती, आणि मधला निरोप्याच नव्हता. तेव्हा मला मावशी आठवली.

“औषध टोचून पान्हा आणता येईल,” सर म्हणाले. पण मे महिना, वीज गेलेली, फ्रीजमधलं औषध उन्हानं नासलेलं. नवं येईपर्यंत पिल्लं राहणार नव्हती.

इतक्यात खोलीत धूर झाला. झुंबरबाई एका खापरात निखारे घेऊन आल्या होत्या, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा. “बायंतीनले धुरी देवाले नको का?” असं म्हणत त्यांनी खापर माझ्यापुढे फिरवलं, मग चांदीपुढे, कारण चांदीही कालच व्यायली होती. बाळंतीण ती बाळंतीण! सर खोकत खोकत पुढे आले. “बाई, हे प्राणीघर आहे की बाळंतिणीची खोली?”

“मंग आठे दुसरं काय शे, साहेब?” झुंबरबाई म्हणाल्या.

चांदीनं जाळीला नाक लावलं. तिची पिल्लं टम्म पोटांनी झोपली होती.

“काय वं जांभळी, कशी करी ऱ्हायनी?”

“चांदीबाई, पोरं उपाशी आहेत गं.”

“अय माय! अन् मना आठे दूध वाही जाई ऱ्हायनं.”

हे आमचं बोलणं माणसांना कळत नाही. पण ताई चांदीकडेच पाहत होत्या. “सर, हिची पिल्लं चांदीखाली घालू या.”

“धोका आहे, प्रमिला. परका वास आला तर ती पिल्लं मारेल. बिथरली तर स्वतःचीही मारेल. मग दोन्ही आयांची गेली.”

ताईंना ते ठाऊक होतं. त्या चुरगळलेला रुमाल हातात धरून उभ्या राहिल्या. झुंबरबाईंनी खापर खाली ठेवलं.

“मी जनमनी तवय मनी मायले पान्हा नही फुटना,” त्या ताईंना म्हणाल्या. “शेजारनी अकबरीनी मायनी माले पाजं. आज बी ईदले मना घर शिरखुर्मा येस. अकबरी माले भांडस बी सख्खी बहीननागत.”

ताई हसल्या, आणि डोळे पुसले. मग त्यांनी चांदीला थोडा वेळ बाजूच्या डब्यात काढलं. तिचा भुसा मुठीत घेऊन माझ्या एकेका पिल्लाच्या अंगाला चोळला आणि त्यांना तिच्या पिल्लांत मिसळून टाकलं. काळपट नि पांढरी पुढे होतील तेव्हा होतील, आज सगळीच गुलाबी. मी जाळीला नखं रोवून बघत होते.

चांदी परत आत आली. घरट्यापाशी थांबली. नाक हललं. एका पिल्लाला हुंगलं, दुसऱ्याला हुंगलं. माझ्या धाकटीपाशी आल्यावर तिनं तोंड उघडलं. ताईंनी सरांचा दंड धरला.

चांदीनं धाकटीला तोंडात उचललं आणि घरट्याच्या मध्यभागी नेऊन ठेवलं.

“सगळासना ओवाना वास ई ऱ्हायना,” ती पाय पसरत म्हणाली. “जाऊ दे. तुना काय अन् मना काय, तोंड त् बठ्ठासनं उघडं शे.”

थोड्या वेळानं ताईंनी धाकटीला उलटं करून पाहिलं. पोटावर पांढरा ठिपका होता! मग दुसरीच्या, तिसऱ्याच्या. ताई प्रत्येकाच्या वेळी “आहे! आहे!” म्हणत होत्या, आणि झुंबरबाई “शे! शे!” म्हणून टाळ्या वाजवत होत्या. सर पाठ फिरवून चष्मा पुसत बसले. धूर फार झाला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मलाही चांदीच्या मोठ्या पिंजऱ्यात सोडलं. मग आम्ही वाटणी केली. ती पाजायची, मी चाटायची. ती खायला गेली की मी पांघरूण व्हायची. एखादं पोर घरंगळत बाहेर गेलं की मी मानेला धरून आणायची. पान्हा नव्हता, बाकी आईपण माझ्यात सगळं होतं. पिल्लांना लव फुटली, डोळे उघडले, आणि एक दिवस काळपट नि पांढरी पोरं आमच्या दोघींच्या पाठीवरून घसरगुंडी खेळू लागली. ती ताईंच्या भुसा चोळण्यामुळे जगली की झुंबरबाईंच्या धुरीमुळे, हा वाद अजून मिटलेला नाही. सर म्हणतात, “मला विचारू नका.”

मित्रांनो, आता माझं वजन कुणी करत नाही. नवे विद्यार्थी पिंजऱ्यावरचा नंबर वाचतात आणि पुढे जातात. त्याचं मला वाईट वाटत नाही. मला घोर आहे तो ताईंचा.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्या माझ्यापाशी आल्या होत्या. जाळीवर बोट टेकवून हळूच म्हणाल्या, “जांभळे, मला नाही पान्हा फुटला तर गं? सासूबाई म्हणतील, एवढी शिकली, आणि लेकरू उपाशी.” मी बोटाला नाक लावलं. याहून जास्त मला काही करता येत नव्हतं. मग त्या बाळंतपणाला माहेरी गेल्या. एव्हाना बाळ झालं असेल. झुंबरबाईंनाही अजून काही कळलेलं नाही.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी हायवेनं सोनगीरवरून जात असेल, तर तिथे उतरा. किल्ल्याच्या अंगाला तांब्या-पितळेची भांडी ठोकल्याचा आवाज येईल, त्या गल्लीत प्रमिलाताईंचं माहेर विचारा. बाळ गोरं की सावळं ते मागून बघा. ताई जेवल्या का, झोपल्या का, ते आधी बघा. बाळ शांत निजलं असेल, तर ‘जांभळीनं विचारलंय’ एवढा माझा निरोप सांगा आणि चहा घेऊन निघा. आणि बाळ रडत असेल, ताईही रडत असतील, तर त्यांना काही विचारत बसू नका. त्या गल्लीत दुसरी कुणी लेकुरवाळी असेलच. जा, आणि तिचं दार वाजवा.