जड लागलं का?

मित्रांनो, मी एक जुना डायनॅमो आहे. हातानं फिरवायचा, लाकडी फळीवर बसवलेला, एका टोकाला टॉर्चचा बल्ब असलेला. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गोड बोलावं, थोडं रडावं अशी रीत आहे. माझ्याच्यानं ते होणार नाही. मी चिडलोय. का ते ऐका, आणि ऐकताना मध्ये टाळ्या वाजवू नका. टाळ्यांनीच माझं वाटोळं केलंय.

माझा जन्म इथलाच, औरंगाबादेतला. आता संभाजीनगर म्हणा. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत हायस्कुलांतल्या विज्ञानाच्या मास्तरांचं शिबिर भरलं होतं आणि शिकवायला रामकिसन मास्तर होते. त्यांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं, त्यामुळं विजेला ते सवयीनं 'बर्क' म्हणायचे. समोरचे मास्तर हसायचे, "वीज म्हणा, मास्तर!" ते म्हणायचे, "नाव काय बी ठेवा, आधी पैदा तर करा."

आणि त्यांनी खरंच पैदा करायला लावली. छावणीच्या बाजारात भंगारात पडलेल्या लष्करी टेलिफोनातले लोहचुंबक आणले. दांड्याला शिवणयंत्राचं जुनं चाक. तांब्याची तार मास्तरांनी आळीपाळीनं गुंडाळली, गप्पा मारत, चहा पीत. मी तयार झालो, मला फिरवलं, पण बल्ब काही लागेना. शोधाशोध केली तेव्हा कळलं, चहा पिऊन आलेल्या एका गड्यानं अर्धी तार उलट्या बाजूनं गुंडाळली होती! रामकिसन मास्तर रागावले नाहीत. म्हणाले, "सोडा सगळी. परत गुंडाळा. आता जन्मात विसरणार नाय तुम्ही." सगळे घाम पुसत पुन्हा बसले.

मग बल्ब लागला. त्यांनी प्रत्येकाला दांडा धरायला लावला. बल्ब काढला की दांडा भुर्रकन फिरायचा. बल्ब लावला की तोच दांडा हाताला जड लागायचा. मास्तर विचारायचे, "जड लागलं का?" समोरचा म्हणायचा, "व्हय." "मग ती तुमच्या हाताची मेहनत बल्बात चाललीय. फुकट काय येत नसतं." हे पुस्तकात वाचून कळत नाही, मित्रांनो. ते मनगटाला कळावं लागतं. त्यासाठीच तर माझा जन्म झाला.

पुढची कितीतरी शिबिरं मी फिरलो. पडलो, तुटलो, पुन्हा जुळलो. माझा दांडा हातांच्या घामानं काळा झाला होता. मला त्या काळेपणाचा अभिमान होता.

रामकिसन मास्तर गेले आणि मी सरकारी विज्ञान केंद्राच्या कपाटात गेलो. सरकारी कारभारात कपाटातल्या सामानाला काय म्हणतात ठाऊक आहे? डेड स्टॉक! अरे, मेलेलं कुणाला म्हणता? माझं चुंबक मेलं नाही, माझी तार मेली नाही. फिरवायला हात आला नाही, हा माझा दोष? शिबिरं होत होती, पण आता त्यांना कार्यशाळा म्हणायचे. नावात 'कार्य' आलं आणि कामातून ते गेलं. पडद्यावर चित्रं दाखवायची, चहा-बिस्किटं द्यायची, ग्रुप फोटो काढायचा, प्रमाणपत्रं वाटायची. विज्ञानाची माणसं पाठ टेकून बसायची आणि पडद्यावरच्या डायनॅमोचं चित्र मोबाईलमध्ये टिपून घ्यायची. मी शेजारच्या खोलीत! शेजारच्या!

मागल्या वर्षी मात्र मला बाहेर काढलं. कार्यशाळेचं नाव होतं 'कृतीतून विज्ञान', आणि उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. केंद्राचे प्रमुख पुंजारामसर शिपाई सांडूभाऊंना म्हणाले, "ह्याला चांदीचा रंग मारा. फोटोत चकाकलं पाहिजे."

सांडूभाऊ म्हणाले, "साहेब, सगळीकडं मारू का?"

"सगळीकडं."

सांडूभाऊंनी हुकमाप्रमाणं सगळीकडं मारला. माझ्या आसावर तांब्याची दोन अर्धी कडी आहेत. गुंडाळीतली वीज त्यांच्यावरून पत्र्याच्या पट्ट्यांत उतरते आणि तिथून बल्बला जाते. त्या कड्यांवरसुद्धा रंग! वीज जायची वाटच बुजवली. रंग वाळल्यावर फिरवून बघितलं, बल्ब लागेना. आता चूक शोधावी की नाही? विज्ञानाचं केंद्र ना तुमचं? पुंजारामसर म्हणाले, "एक सेल जोडून टाका टेबलक्लॉथखाली. कुणाला काय कळतंय."

मला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडून पाणी माझ्यावरच उडवलं. पाहुण्यांनी हसत दांड्याकडं हात नेला. सांडूभाऊंनी घाईत सेलची वायर आधीच टेकवली आणि बल्ब लागला. दांडा त्यानंतर फिरला. सभागृहभर टाळ्या! शंभरेक विज्ञान शिक्षक टाळ्या वाजवत होते, आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. चितेगावच्या शाळेच्या मनकर्णा मॅडम. "सर, बल्ब आधी लागला."

"काय म्हणालात?"

"दांडा फिरायच्या आधी बल्ब लागला. असं कसं होईल?"

लोक हसले. पुंजारामसर म्हणाले, "मॅडम, कार्यक्रमाचा मान ठेवा." मॅडम बसल्या. पण चहाच्या सुट्टीत सगळे बिस्किटांकडं पळाले, तेव्हा त्या माझ्याकडं आल्या. टेबलक्लॉथ उचलला, सेल बघितला आणि तोंडातल्या तोंडात असा काही शब्द हासडला की माझा जीव थंड झाला. मग पर्समधून घराची किल्ली काढली आणि माझ्या कड्यांवरचा रंग खरवडायला लागल्या. पट्ट्याही घासल्या. दांडा फिरवला. बल्ब लुकलुकला, मग लागला.

"अगं बाई! हे तर जड होतंय!"

शेंद्र्याचे कडूबासर कप घेऊन जवळ आले. त्यांनी फिरवला. बल्ब काढून फिरवला, लावून फिरवला. पुन्हा काढला, पुन्हा लावला. कप तसाच राहिला. म्हणाले, "लई वर्षं शिकवतोय हो मी हे. फळ्यावर आकृती काढतो. पण जड लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." मग रांग लागली. चहा गार झाला, पडद्यावरचं पुढचं भाषण रखडलं, आणि माझ्या दांड्याला कितीतरी वर्षांनी घाम लागला. मी इतका खूश होतो की हाराचाही राग विसरलो.

मनकर्णा मॅडम पुंजारामसरांकडं गेल्या. "सर, आठवडाभर शाळेत न्यायला द्या. नववीच्या मुली विचारतात, दांडा फिरवून वीज येते हे तुम्ही बघितलंय का? मी नाही म्हणते. लाज वाटते. मी त्यांना कबूल करून आलेय, ह्या वेळी काहीतरी घेऊन येते म्हणून."

"मोडलं तर?"

"मोडलं तर मुलीच दुरुस्त करतील. तेही शिकतील."

"मॅडम, हा वारसा आहे. वारसा जपायचा असतो."

आणि त्यांनी मला जपलं. माझ्यासाठी काचेची पेटी केली, कुलूप लावलं, वर पाटी: 'हात लावू नये.' हात लावून घेण्यासाठीच जन्मलेल्या माझ्यावर ही पाटी!

मॅडम हार मानणाऱ्या नव्हत्या. दिवाळीनंतर त्या मुलींनाच घेऊन आल्या. आधी फोन केला होता, केंद्रातून हो म्हणून सांगितलं होतं. पण पेटीची किल्ली पुंजारामसरांकडं, आणि पुंजारामसर कुठं? पुण्याला, कार्यशाळेला! सांडूभाऊ हात जोडून म्हणाले, "बाई, माझ्या हातात असतं तर कवाच उघडलं असतं." मुली काचेला नाक लावून बघत राहिल्या. मी आतून ओरडत होतो, फोडा काच, फोडा! डेड स्टॉकचं कोण ऐकतंय.

जाताना अंगणात त्या मुली खेळायला लागल्या, मला खिडकीतून दिसत होतं. हवेतच एक दांडा धरायचा आणि गरागरा फिरवायचा. हसत, एका बोटानं. मॅडम बघत उभ्या होत्या. सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मग मिटलं. सांगून कळणारं ते नव्हतंच.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, मला जपू नका! तुमच्या शाळेतल्या कपाटाला कुलूप असेल तर जाऊन किल्ली मागा. नाही दिली तर उद्या परत मागा. आम्हाला फिरवा, पाडा, मोडा, पुन्हा जोडा. उलटी तार गुंडाळा, सोडा, परत गुंडाळा. रंग मात्र मारू नका.

आणि चितेगावच्या पोरींनो, तुम्ही फिरवत होतात तितकं हलकं नसतं गं ते.